गोझोवर राहायला आर्ब की आला?

माल्टाच्या गोझो बेटावर आर्ब (Għarb) आणि आला (Qala) या दोन गावांपैकी कुठे राहावं, असं तुम्ही विचारलंय. घरून काम करणार आणि महिन्यातून दोन-तीनदा माल्टाच्या मुख्य बेटावर जावं लागणार, असंही लिहिलंय. मग माझं उत्तर सरळ आहे: आला. (दोन्ही नावांची स्पेलिंगं भलतीच दिसतात, उच्चार मात्र असेच.) आला इमजार बंदराच्या अगदी जवळ आहे. तिथून फेरीबोट मुख्य बेटावरच्या चिरकेव्वा बंदरात साधारण 25 मिनिटांत पोचवते आणि 2021 पासून थेट राजधानी व्हॅलेटाला जाणारी जलद बोटही आहे. आर्ब पार पश्चिम टोकाला. तिथून बंदराकडे बसने निघालात तर बहुधा व्हिक्टोरियाला, म्हणजे गोझोच्या मुख्य शहरात, उतरून दुसरी पकडावी लागते.

जीव मात्र आर्बवरच जडतो, हे खरं. चर्चसमोरचा तो चौक, कोरीव दगडी सज्जे, संध्याकाळची शांतता! निवृत्तीनंतर जाणार असतात, तर मी तेच सुचवलं असतं.

घर कुठेही घ्या, बघायला जानेवारीत जा. चुनखडीच्या त्या पिवळसर भिंती उन्हाळ्यात गारवा देतात आणि हिवाळ्यात ओल धरतात. कपाट थोडं ओढून मागच्या भिंतीवर हात फिरवा. बोटांना पांढरी, खारट भुकटी लागली तर ते घर सोडून द्या, भाडं कितीही कमी असलं तरी.