सूज म्हणावे की दाह?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने आरोग्यपत्रकाचा मराठी मसुदा करताना अडलेले वाक्य पाठवले आहे: “सूज आल्यावर नायट्रिक ऑक्साइड वाढते व रक्तवाहिन्या फुगतात; सूज लांबली तर नायट्रिक ऑक्साइड कमी पडून त्या आखडतात.” ‘इन्फ्लमेशन’ला सूज म्हणावे की दाह, आणि वाढते नि कमी पडते ही दोन्ही एका दमात कशी, असे त्या विचारतात.

बाई, माझे मत दाहाच्या बाजूने. मासे साफ करताना सांगटाचा काटा बोटात गेला की काय होते, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. बोट लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. नेमकी हीच चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली होती. म्हणजे सूज ही चारांतली एक. त्यातही नायट्रिक ऑक्साइडचा हात मुख्यतः लाली आणि उष्णतेत असतो: वाहिन्या रुंदावतात, तिथे रक्त जास्त येते. सूज येते ती वाहिनीतला द्रव बाहेर झिरपल्याने. तेव्हा तुमच्या वाक्यात ‘सूज’ भलत्याच लक्षणाकडे बोट दाखवते.

‘इन्फ्लमेशन’च्या मूळ लॅटिन शब्दात पेटवणेच आहे. पोर्तुगीज ‘इंफ्लामासांव’ त्याच घरचा. दाहाला एक खोट आहे. ‘पोटात दाह होतो’ म्हटले की आपल्याला जळजळच आठवते, आणि रक्तवाहिनीतला दाह तर वर्षानुवर्षे जाणवतही नाही. म्हणून पहिल्यांदा ‘दाहाची प्रक्रिया’ लिहा, पुढे नुसते दाह चालेल. सुश्रुताच्या व्रणशोथातला ‘शोथ’ शास्त्रशुद्ध खरा, पण तो वैद्यांच्या तोंडी शोभतो. पत्रक वाचणाऱ्या आजीला नाही.

‘फुगतात’ मात्र काढाच. फुगते ती पुरी. वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैलावतो, त्यामुळे वाहिनी रुंदावते. परिभाषेत ‘विस्फारण’ आहे, पण विस्फारायला आपल्याकडे डोळे पुरेसे आहेत.

आता वाढते-कमी पडते. वाहिनीचे आतले अस्तर एरवी नायट्रिक ऑक्साइड हा वायू थोडा थोडा, गरजेपुरता बनवते. अस्तरातून काहीतरी सुटते आणि स्नायू सैल करते, एवढे 1980 साली कळले होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे हा वायू, हे 1987 मध्ये ठरले, आणि 1998 चे वैद्यकाचे नोबेल त्याच कामाला मिळाले. दाहात एक वेगळे विकर (एन्झाइम) जागे होते. ते पांढऱ्या पेशींत आणि वाहिनीच्या स्नायूतही तासन्‌तास भरमसाट वायू बनवते. जंतुसंसर्ग रक्तभर पसरला की रक्तदाब कोसळतो, त्यात याचा मोठा वाटा. पण दाह लांबला की सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे उपद्रवी रूपही वाढते. ते या वायूला गाठून त्याचे पेरॉक्सिनायट्राइट हे घातक संयुग करून टाकते, आणि त्याने वाहिनी नीट सैलावत नाही, उलट अस्तरच बिघडते. पावसाळ्यात अंगणात गुडघाभर पाणी नि नळ कोरडा, तसे हे. म्हणून ‘कमी पडते’पेक्षा ‘उपयोगाला येत नाही’ लिहा, म्हणजे विरोध उरत नाही.

लिंगाचे विचारले नाहीत, तरी सांगतो: ऑक्साइड ‘ते’, वायू ‘तो’, एका परिच्छेदात दोन्ही करू नका. आणि ‘नायट्रिक’चे ‘नायट्रस’ होऊ देऊ नका, तो हसवणारा वायू वेगळा.

माझ्या हातून असे वाक्य झाले असते: “दाहात नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार होते आणि रक्तवाहिन्या रुंदावतात, दाह लांबला तर तयार झालेले उपयोगाला येत नाही आणि त्या पुरेशा सैलावत नाहीत.”

छापण्याआधी मुद्रितावर एक नजर टाका. माझ्या एका लेखात पानभर ‘रक्तवहिनी’ छापून आल्या होत्या. घरातल्या वहिनीने ते कात्रण अजून जपून ठेवले आहे.