गॅस भरून घेण्याआधी गळती कुठे आहे ते लिहून घ्या

प्रश्न : आम्ही नाशिकला पाथर्डी फाटा भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मार्चमध्ये शहरातल्या एका दुकानातून दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी 42,500 रुपयांना घेतला. बिल पत्नीच्या नावावर आहे. ती घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास घेते, तिथेच तो बसवला. दुकानदाराने पाठवलेल्या माणसाने फिटिंग केलं आणि जादा पाइपासकट 2,600 रुपये स्वतःच्या नंबरवर यूपीआयने घेतले. पावती दिली नाही. मेमध्ये कूलिंग बंद झालं, इनडोअरचं पाणी भिंतीतून उतरून खालच्या फ्लॅटच्या पीओपीवर डाग पडला. कंपनीच्या टेक्निशियनने जॉब शीटवर लिहिलं : ‘गॅस लीक. कॉम्प्रेसर कमजोर. अनधिकृत फिटिंग, वॉरंटी लागू नाही.’ दुकानदार म्हणतो, फिटिंगवाला आमचा माणूस नाही. खालचे गृहस्थ 9,000 रुपये मागतात. उकाडा सहन होत नाही. गॅस भरून घेऊ का? आणि दावा कोणावर करायचा?

उत्तर : गॅस आज भरून घेऊ नका. दोन-चार दिवस पंख्यावर काढा. दावा कोणावर हे त्याच दोन-चार दिवसांत ठरणार आहे. एकदा का कोणी येऊन नट आवळला, गॅस भरला आणि निघून गेला, की गळती कुठून होत होती हे सिद्ध करायला तुमच्या हातात काही उरत नाही. मग दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे, आणि दोघांचंही खोटं ठरवता येत नाही.

जॉब शीट पुन्हा वाचा. ‘गॅस लीक’ आणि ‘अनधिकृत फिटिंग’ या दोन गोष्टी तिथे शेजारी लिहिल्या आहेत. एकीमुळे दुसरी झाली, असं कुठेच लिहिलेलं नाही. गळतीची जागाच नोंदवलेली नाही. सगळा खटला त्या जागेवर उभा आहे. स्प्लिट एसीला फिटिंगच्या वेळी जोडले जाणारे फ्लेअर नट (तांब्याच्या पाइपाचं फुलवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, घट्ट धरणारे नट) चार असतात : दोन इनडोअरच्या मागे, इन्सुलेशनखाली, आणि दोन आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर. गळती यांपैकी एखाद्यावर असेल, तर फ्लेअर वाकडी झाली, तिला चीर गेली, नट कमी किंवा जास्त आवळला गेला. दोष फिटिंगचा, म्हणजे दुकानदाराचा. गळती इनडोअरच्या किंवा आउटडोअरच्या कॉइलमध्ये, किंवा कारखान्यात केलेल्या ब्रेझिंगच्या (धातू वितळवून जोडलेल्या) सांध्यावर असेल, तर नट कोणी आवळला याचा तिच्याशी संबंध नाही. तो उत्पादनातला दोष, आणि तिथे ‘अनधिकृत फिटिंग’ हा बचाव टिकणं कठीण.

म्हणून आधी पाहणी करून घ्या. आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेला, आर-32 (नव्या एसींतला थंडावा देणारा गॅस) च्या स्प्लिट एसीवर रोज काम करणारा आणि लेटरहेडवर सही करायला तयार असलेला माणूस शोधा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांच्या एसीची देखभाल करणारे लोक आहेत. पिंपळगावच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवरचा अमोनियाचा जाणकार कितीही मोठा असला तरी इथे उपयोगाचा नाही. उलटतपासणीत ‘अशा एसीवर काम करता का’ हाच पहिला प्रश्न येईल.

पाहणीचा क्रम असा ठेवा. नटांना हात लावण्याआधी चारही सांध्यांचे जवळून फोटो. फ्लेअरवर तेलाचा ओशट डाग दिसला तर तो महत्त्वाचा, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. मग शिल्लक गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून वजनकाट्यावर मोजायचा आणि आउटडोअरच्या नेमप्लेटवर छापलेल्या ग्रॅमशी ताडायचा. नुसतं गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ किंवा ‘नाही’ म्हणणं पुरेसं नाही. बंद एसीत 35 अंशांना आर-32 चा दाब साधारण 300 पीएसआय (दाबाचं एकक) दिसतो, आणि आत थोडा द्रव गॅस उरला असेल तोवर तो तेवढाच दिसत राहतो. किती गॅस गेला हे वजनच सांगतं. त्यानंतर कोरडा नायट्रोजन 300 ते 400 पीएसआयपर्यंत भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात ती जागा व्हिडिओत घ्यायची. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कोणालाही वापरू देऊ नका, तेलाशी संबंध आला की स्फोट होऊ शकतो. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे, तेव्हा लायटरने गळती शोधणाराही नको.

‘कॉम्प्रेसर कमजोर’ हे निदान नव्हे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलमधला विद्युतरोध (ओहममध्ये) तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा यायला हवा, आणि मेगर (इन्सुलेशन तपासण्याचं यंत्र) लावल्यावर बॉडीकडे विजेची गळती नको. ही चार मापं अहवालात आकड्यांसह लिहून घ्या. गॅस कमी असताना कॉम्प्रेसर गरम होतो, कारण त्याला थंड ठेवणारा परतीचा गॅसच अपुरा पडतो. असा तो महिना-दीड महिना चालला असेल तर नुकसान शक्य आहे. पण मापं ठीक आली, तर ज्या कॉम्प्रेसरचे पैसे तुमच्याकडून मागितले जातील तो बिघडलेलाच नाही, हेही सिद्ध होईल. वॉरंटी कार्डावर कॉम्प्रेसरची मुदत वेगळी, बहुधा जास्त वर्षांची छापलेली असते. ती पाहा.

पाण्याचंही तसंच. एसी बंद ठेवून इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओता. बाहेर नीट आलं तर ड्रेन पाइप ठीक आहे, आणि तुमच्या भिंतीतलं पाणी बहुधा बर्फाचं : गॅस कमी झाला की कॉइलवर बर्फ धरतो, मग वितळताना ट्रेबाहेर सांडतो. पाणी तुंबलं तर पाइपाला उतार नाही किंवा भिंतीतल्या भोकाचा उतार आत आहे. दोन्ही शक्यता फिटिंगकडेच जातात. मात्र तिसरी एक आहे जी तुमच्याकडे येते. एअर फिल्टर धुळीने बुजला तरी बर्फ धरतो, आणि समोरचा वकील हे विचारणारच. फिल्टर आहे तसा काढा, तारीख दिसेल असा फोटो घ्या, मग धुवा.

आता दुकानदाराचा ‘आमचा माणूस नाही’ हा पवित्रा. तो माणूस तुम्ही शोधून आणला नव्हता. दुकानदाराने पाठवला, एसी दुकानातून आला, त्याचा फोन नंबर तुम्हाला दुकानातून मिळाला. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 237 प्रमाणे एखाद्याने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने ‘हा माझ्या अधिकाराने काम करतो’ असा समज समोरच्याचा करून दिला, तर त्या कामाची जबाबदारी त्याच्यावर येते. त्यासाठी दुकानाशी झालेले व्हॉट्सअॅप निरोप, कॉल लॉग आणि यूपीआयचं स्टेटमेंट जपा. पैसे फिटिंगवाल्याच्या खात्यात गेले म्हणून केस कमकुवत होत नाही. उलट सेवेचं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असेल तर घाबरू नका. सदोष माल परत घेण्यास नकार देणं हेही त्याच कलमात आहे.

कंपनीबद्दल मी थोडं सावध राहीन. गळती फ्लेअरवर निघाली, तर तिचा बचाव अगदी फोल नाही. तरीही तिला प्रतिपक्ष करा. दुकान तिचं अधिकृत विक्रेता असेल, तर विक्रेत्याने फिटिंगचा माणूस पाठवताना ‘कंपनीचाच टेक्निशियन लागेल’ ही अट सांगितली होती का, की ती खोक्यातल्या कार्डावर नंतर सापडली, याचं उत्तर दोघांनाही द्यावं लागेल. दुकानाच्या पाटीचा फोटो आणि कंपनीच्या वेबसाइटवरील विक्रेत्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट आत्ताच घ्या. अशा याद्या बदलतात. तक्रारीत ‘प्रतिपक्षांनी एकत्रित अथवा स्वतंत्रपणे’ अशीच मागणी करा.

शिवणक्लासचा मुद्दा तुम्ही सहज लिहिलात, पण कंपनीचा वकील पहिल्याच लेखी उत्तरात तो उचलेल : व्यावसायिक वापरासाठी घेतला, म्हणून तुम्ही ‘ग्राहक’ नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणानुसार केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोडत नाही. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट हा निवाडा आजही आधाराला घेतला जातो. तक्रार तुमच्या पत्नीच्या नावानेच दाखल करा, कारण बिल त्यांचं आहे. क्लास त्या स्वतः घेतात, तोच उपजीविकेचा मार्ग आहे आणि खोली घराचाच भाग आहे, हे तक्रारीत आणि प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. एक गोष्ट तपासा : बिलावर जीएसटी क्रमांक टाकून इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची व्यवसायाच्या करातून वजावट) घेतलेलं नाही ना? घेतलं असेल तर ही वाट चढणीची आहे.

पाहणीच्या आधी दोघांनाही नोटीस पाठवा. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण इथे तिचा उपयोग वेगळा आहे. पाहणीची तारीख-वेळ किमान चार-पाच दिवस आधी कळवून ‘आपला प्रतिनिधी पाठवा, न आल्यास आमच्या तज्ज्ञाचा अहवाल ग्राह्य धरला जाईल’ असं लिहा. म्हणजे ‘आमच्या पाठीमागे नट सैल केला’ म्हणायची सोय राहत नाही. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच नोटीस ईमेल व व्हॉट्सअॅपवरही. दुकानदाराला त्यात सरळ विचारा : फिटिंग करणाऱ्याचं नाव आणि प्रशिक्षण काय, पाइप जोडल्यावर आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला होता का आणि रीडिंग किती मायक्रॉन (व्हॅक्यूमचं माप) आलं, की पाइपातली हवा आउटडोअरचाच गॅस सोडून हाकलली, जादा पाइप किती मीटर लागला आणि त्यासाठी किती ग्रॅम गॅस वाढवला. व्हॅक्यूम न करणं हा सर्रास चालणारा आळस आहे. आत राहिलेली हवा आणि ओल दाब वाढवते, तेल खराब करते. या प्रश्नांना बहुधा उत्तर येणार नाही, आणि उत्तर न येणं तुमच्याच कामाचं आहे.

पाहणी झाली, अहवाल हाती आला, की एसी खुशाल दुरुस्त करून घ्या. दुरुस्ती केली म्हणून हक्क जात नाही. फक्त पावतीवर काय केलं, कुठला सांधा पुन्हा फ्लेअर केला, किती ग्रॅम गॅस भरला हे लिहून घ्या, आणि काढलेला नट व पाइपाचा फ्लेअर असलेला तुकडा पिशवीत घालून ठेवा.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. बिलावर ‘मुंबई न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’ असं छापलेलं असलं तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तूला शुल्क नाही, आणि शुल्क मागणीवर नव्हे तर दिलेल्या किमतीवर ठरतं. दाखल ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. वकील लागतोच असं नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद जरूर करा, कधी कधी कंपनी तेवढ्यानेच हलते. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथल्या तक्रारीने मुदतही थांबत नाही. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल म्हणतो. प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त धरून चला.

फोटो-व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा; त्याचा भाग अ तुम्ही आणि भाग ब तज्ज्ञाने (एसीच्या नव्हे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या) भरायचा असतो. मागणी मोजूनमापून करा : दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च, फिटिंगचे 2,600, तज्ज्ञाची फी, खालच्या फ्लॅटचा खर्च, मानसिक त्रासाचे दहा-पंधरा हजार आणि तक्रारखर्च, कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल तर तो विनामूल्य बदलून, नाहीतर किंमत परत. साडेबेचाळीस हजारांच्या एसीवर पाच लाखांची भरपाई मागितली की बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

खालच्या गृहस्थांशी भांडू नका. त्यांच्यापुरतं पाणी तुमच्या घरातून आलं आहे आणि दुकानदाराशी त्यांचं देणंघेणं नाही. पण 9,000 रोख हातावर ठेवू नका. डागाचे फोटो, पीओपीवाल्याचं लेखी कोटेशन, काम झाल्यावर बिल, आणि तुमच्या बँक खात्यातून थेट त्या कारागिराला पैसे. असं केलं तरच ती रक्कम तुमच्या तक्रारीत नुकसान म्हणून मागता येईल. भिंतीतलं पाणी थांबण्याआधी रंग मारू देऊ नका, नाहीतर तेच काम दिवाळीआधी पुन्हा निघेल.

नोटीस गेल्यावर दुकानदार ‘फुकट गॅस भरून देतो, एवढ्या कागदावर सही करा’ म्हणत येण्याची शक्यता दांडगी आहे. तडजोड जरूर करा, पण त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असतील तर सही तेव्हाच, जेव्हा सांधा नव्याने फ्लेअर करून, व्हॅक्यूम घेऊन, वजनाने गॅस भरून एसी सलग पंधरा दिवस चालला असेल, कंपनीने वॉरंटी पुन्हा लागू केल्याचं लेखी दिलं असेल आणि पीओपीची रक्कम खात्यात आली असेल.