बुलगुर, पालक आणि मश्रूम घालून तिखटमिठाचं काही केलं की गोळा होतो. गोव्याच्या पद्धतीनं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून पर्वरीला राहायला आलात, दुकानात बुलगुरचं, म्हणजे उकडून वाळवलेल्या गव्हाच्या भरडीचं, पाकीट दिसलं म्हणून आणलं, आणि पालक-मश्रूम घालून खिचडीसारखं कुकरला लावलं तर हिरवट-करडा गोळा हाती आला. घरच्यांनी एकदा खाल्लं, दुसऱ्यांदा नको म्हणाले. आता याच तीन जिनसांतून काहीतरी चवीचं हवंय, आणि जमलं तर इथल्या वळणाचं.

मी फोंड्याची. आमच्याकडे सोमवारी आणि श्रावणात मासे नसतात, तेव्हा मश्रूम घरात येतातच. बुलगुर गेल्या काही वर्षांत आला आणि राहिला. त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देते.

मसाला बदलून हा गोळा सुटणार नाही. भानगड पाण्याची आहे. पालकात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, बटण मश्रूममध्येही तेवढंच. बुलगुर मात्र खडखडीत वाळलेला, समोर येईल ते पाणी पिऊन टाकणारा. तुम्ही कुकरमध्ये मापानं पाणी घातलंत, त्यात या दोघांनी आपलं पाणी सोडलं, आणि एवढं सगळं बुलगुरनं पोटात घेतलं. म्हणून तिघांना एकत्र शिजवायचंच नाही. ज्याचं पाणी काढायचं त्याचं आधी काढायचं, आणि ते फेकण्यापेक्षा बुलगुरला पाजायचं. एवढं सांभाळलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्या. पाकिटात खरंच बुलगुर आहे की दलिया? सुटा माल असेल तर दुकानदारही दोन्हींना एकच समजतात. दलिया, म्हणजे आपला लापशी रवा, हा कच्चा गहू भरडून केलेला. बुलगुर हा तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या भागातला रोजच्या जेवणातला पदार्थ. तिकडे गहू आधी उकडतात, मग वाळवतात, मग भरडतात. आपल्या उकड्या तांदळाच्याच घराण्यातला म्हणा ना. त्यामुळे बुलगुरचा दाणा सोनेरी, थोडा काचेसारखा दिसतो, आणि दलियाचा दाणा तुटलेल्या जागी पांढरा, पिठूळ. दिसण्यावरून कळलं नाही तर चमचाभर दाणे उकळत्या पाण्यात 20 मिनिटं झाकून ठेवा. बारीक बुलगुर असेल तर तेवढ्यानंच खाण्याजोगा होतो, जाडा असेल तर चिवट पण चावता येईल असा होतो. दलिया आतून कच्चाच राहतो.

दलिया निघाला तर निराश होऊ नका, मी स्वतः कितीतरी वेळा दलियाचंच करते. फक्त तो आधी चाळणीतून चाळून घ्यायचा, कारण तळाला बसलेलं पीठच गोळा करतं. मग चमचाभर तुपावर खमंग वास येईपर्यंत भाजायचा, आणि वाटीला अडीच वाट्या पाणी घालून पसरट भांड्यात झाकण ठेवून शिजवायचा. कुकर नको. शिट्टीनं दलिया मऊ होतो, मोकळा होत नाही. आजारी माणसाला मऊच बरा, पण ते वेगळं जेवण.

आता मुख्य पदार्थ. तीन-चार जणांना एक वाटी जाडा बुलगुर, मश्रूमचं 200 ग्रॅमचं एक पाकीट, पालकाची एक जुडी, दोन कांदे, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मिरी आणि अर्धी वाटी ओलं खोबरं. तेल खोबरेल असेल तर उत्तम. नाशिककरांना त्याचा वास लगेच रुचत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा पहिल्या वेळी निम्मं खोबरेल आणि निम्मं तुमचं नेहमीचं तेल घ्या.

मश्रूम नळाखाली भराभर धुवून लगेच फडक्यानं पुसा. धुतल्यानं ते स्पंजासारखे फुगतात असं जे सांगतात त्यात फार दम नाही. भिजत ठेवले तर बिघडतात, नुसते धुतल्यानं नाही. आता देठ आणि टोप्या वेगळ्या करा. देठ बारीक चिरायचे, टोप्या जाडसर. लोखंडी तवा किंवा बिडाची कढई चांगली तापवून, थोड्या तेलावर टोप्या एका थरात पसरा आणि हलवू नका. गर्दी केलीत तर त्या भाजत नाहीत, स्वतःच्याच पाण्यात उकडतात, म्हणून दोन खेपांत करा. मीठ शेवटी. आधी घातलं की पाणी सुटतं. खालून बदामी रंग आला की उलटायच्या आणि काढून ठेवायच्या. मश्रूम जास्त शिजतील ही भीती बाळगू नका. त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या चिवट द्रव्याच्या असतात, भाज्यांसारख्या उष्णतेनं विरघळत नाहीत. कोळंबी दोन मिनिटं जास्त राहिली तर रबर होते, मश्रूमचं तसं नाही.

त्याच कढईत कांदा, लसूण, मिरची आणि चिरलेले देठ घाला, आणि इथं मात्र मीठ लगेच घाला, कारण देठांचं पाणी आपल्याला हवंच आहे. ते सुटलं की बुलगुर न धुता त्यात टाका, दोन-तीन मिनिटं परता. ते सगळं पाणी तो तिथंच ओढून घेईल, आणि मश्रूमची चव दाण्याच्या आत जाईल. वरून घातलेल्या मश्रूमनं हे होत नाही. मग उकळतं पाणी. एरवी जाड्या बुलगुरला वाटीस दोन वाट्या लागतं, इथं पावणेदोन पुरे. झाकण लावून मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं, पाणी दिसेनासं होईपर्यंत. मध्ये ढवळायचं नाही.

गॅस बंद केल्यावर खरी गंमत. पालक निवडून, धुवून, अगदी निथळून जाडसर चिरून ठेवलेला असेल, तो गरम बुलगुरवर नुसता पसरा. त्यावर टोप्या. झाकणाखाली स्वच्छ फडकं घालून दहा मिनिटं ठेवा. तुर्की घरांत पिलाफ असाच मुरवतात. वाफेचं पाणी फडकं शोषतं, ठिबकून खाली पडत नाही. तेवढ्या वाफेवर पालक बसतो आणि हिरवा राहतो. मग काट्यानं हलक्या हातानं वरखाली करा, खोबरं आणि मिरपूड घाला. लिंबू मात्र पानात वाढल्यावरच पिळायचं. आंबट आणि उष्णता एकत्र आली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पालक शेवाळी रंगाचा होतो. तुमच्या गोळ्याचा रंग उतरायला कुकरमधली लांबलेली उष्णताही पुरेशी होती.

सोलं, म्हणजे आमसुलं, घालू का, असं विचाराल. मी घालत नाही. इथं सगळ्यात सोलं घालायची सवय असते, पण सोलांचा काळपट रंग पालकाला मारतो. त्यापेक्षा बाजूला सोलकढी घ्या. तिरफळही नको. जीभ बधिर करणारा तो उग्र मसाला बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, शोभतो, मश्रूमची नाजूक चव त्यात हरवून जाते. याबाबतीत माझ्या सासूबाईंचं मत उलट आहे आणि ते त्या प्रत्येक वेळी सांगतात.

इथल्या वळणाचं म्हणाल तर मला याहून आवडतं ते मश्रूमचं तोणाक, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा, आणि कोरडा बुलगुर. सकाळी गोव्यातल्या चहाच्या हॉटेलात पावाबरोबर पातळ भाजी, अळसाण्यांचं तोणाक मिळतं ते तुम्ही आतापर्यंत खाल्लं असेलच. त्याच मसाल्यात मश्रूम. ओलं खोबरं आणि उभा चिरलेला कांदा तांबूस भाजायचा; धणे, मिरी, लवंग, दालचिनी, थोडी बडीशेप आणि सुक्या लाल मिरच्या वेगळ्या भाजायच्या; हळद घालून सगळं गुळगुळीत वाटायचं. फोडणीत कांदा, मग मश्रूम, मग वाटण, वर चिंचेचा कोळ. याच्याबरोबर बुलगुर नुसता मीठ घालून शिजवलेला. तो रस्सा छान धरून ठेवतो, भातापेक्षाही छान, हे गोव्यात राहून म्हणायचं धाडस मी करते. पालक यात घालायचाच असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत, मूठभर, त्याहून जास्त नाही. नाहीतर ते तोणाक राहत नाही.

पावसाळ्यात तुम्हाला रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी, म्हणजे रानातली मश्रूमं, दिसतील आणि वाटेल की याच पदार्थात घालावीत. घालू नका. वारुळांवर उगवणारी ही मश्रूमं वाळवीच्या जोडीनंच वाढतात. वाळवी आपल्या वारुळात त्यांची बुरशी अक्षरशः जोपासते. ती थोडेच दिवस मिळतात आणि भाव ऐकून हात मागे येतो. त्यांचं तोणाक किंवा शागोती करा नाहीतर नुसती कांद्यावर परता, बुलगुरमध्ये घालून त्यांची माती करू नका. आणि स्वतः रानात जाऊन काढायचा उत्साह तर अजिबात नको. काही विषारी अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सुरू व्हायलाच सहा-बारा तास किंवा जास्त लागतात. तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. शिवाय म्हादई, मोले, नेत्रावळीसारख्या अभयारण्यांतून परवानगीशिवाय काही उचलणं हा गुन्हा आहे. जाणत्या विकणाऱ्याकडूनच घ्या.

पालकाचंही इथं एक आहे. बाजारात येतो तो बराचसा बेळगावकडून, त्यामुळे जून-जुलैत जुड्या ओल्या, आतून सडलेल्या मिळतात. तेव्हा हट्ट सोडा आणि तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, घ्या. ती इथलीच असते, ताजी असते. ती नुसत्या वाफेवर बसत नाही, म्हणून खोबरेलावर कांद्याबरोबर वेगळी परतून मग मिसळा. बुलगुर गुलाबी होतो आणि पोरं तेवढ्यासाठी तरी खातात. मायाळू मात्र दिसायला पालकासारखा असला तरी बुळबुळीत, या पदार्थात तो पुन्हा गोळाच करेल.

मुलांच्या डब्यासाठी बारीक बुलगुरचे कटलेट करून बघा. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, गार करा, घट्ट पिळून चिरा. त्याच गरम पाण्यातलं वाटीभर पाणी वाटीभर बारीक बुलगुरवर ओतून 15-20 मिनिटं झाका. मात्र घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर ते पाणी ओतून द्या आणि साधं गरम पाणी घ्या, कारण पालकातलं ऑक्झलेट त्या पाण्यात उतरतं. मश्रूम बारीक चिरून कढईत पार कोरडे होईपर्यंत परता. हे तिन्ही, आलं-मिरची, कोथिंबीर आणि दोन-तीन चमचे बेसन एकत्र मळा, चपटे गोळे करा, आणि कोळंबीला लावतो तसा वरून रवा लावून तव्यावर कमी तेलात दोन्हीकडून खरपूस भाजा. मिश्रण हाताला चिकटलं तर पाणी कुठंतरी राहिलंय असं समजा. आणखी बेसन घालण्याऐवजी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बुलगुर ते पिऊन टाकतो.

उरलेला बुलगुर दुसऱ्या दिवशी चांगला लागतो, पण पालक घातलेला नाही. म्हणून दोन दिवसांचं करायचं असेल तर बुलगुर आणि मश्रूमचंच जास्त करा, पालक त्या त्या वेळी.

तुम्ही शेवटी विचारलंय की सासऱ्यांना मधुमेह आहे, भाताऐवजी हे चालेल का. बुलगुरमध्ये पांढऱ्या तांदळापेक्षा तंतू बरेच जास्त असतात, शिजलेल्या 180 ग्रॅममध्ये साधारण आठ ग्रॅम, त्यामुळे पोट लवकर भरतं. पण शेवटी तो गहूच आहे, पिष्टमय पदार्थ त्यात आहेतच, तेव्हा वाटी मोजूनच वाढायची आणि औषधांचं डॉक्टरांना विचारूनच. ग्लूटेन चालत नसलेल्यांना तर अजिबात द्यायचा नाही.

पाकीट उघडल्यावर डबा फ्रिजमध्ये ठेवा. पर्वरीच्या पावसाळी हवेत बाहेर ठेवलेल्या भरडीला किडे लागायला वेळ लागत नाही.