लिलावातला फ्लॅट आणि आत राहणारं कुटुंब

प्रश्न : राजारामपुरीतला एक फ्लॅट बँकेने लिलावाला काढलाय. राखीव किंमत ३२ लाख. त्याच इमारतीत गेल्या वर्षी ४५ लाखांना व्यवहार झाला. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ असं छापलंय. जुने मालक सहकुटुंब तिथंच राहतात. सासऱ्यांच्या फंडाचे १० लाख हातात आहेत, बाकी गृहकर्ज काढू. शनिवारपर्यंत ३ लाख २० हजार अनामत भरायची आहे. भरू का?
— सौ. वि. कु., कोल्हापूर

उत्तर : ताई, या शनिवारी भरू नका.

सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आणि वर्तमानपत्रात छापली, एवढंच. किल्ली बँकेकडे नाही. आत राहणारे आपणहून निघत नसतील, तर प्रत्यक्ष ताब्यासाठी २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (बँकांना कोर्टात न जाता गहाण मालमत्ता विकू देणारा कायदा) कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो झालाय का, कोणत्या तारखेला, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे अर्ज चालू आहे का, तेही विचारा. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षक दांपत्याने पूर्ण रक्कम भरली होती. घराचं कुलूप उघडायला दोन दिवाळ्या गेल्या. तोवर घरभाडं आणि कर्जाचा हप्ता, दोन्ही चालूच.

मला खरी काळजी तुमच्या पैशांच्या गणिताची वाटते. लिलाव तुमच्या नावावर सुटला तर अनामत धरून २५ टक्के, म्हणजे किमान ८ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात. उरलेले २४ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदतवाढ बँकेने लेखी दिली तरच, आणि तीही एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. आत माणसं राहत असलेल्या फ्लॅटवर इतक्या घाईत कर्ज देणारी बँक शोधणं कठीण. रक्कम चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी २५ टक्क्यांची जप्ती पूर्णपणे कायम ठेवली. सासऱ्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतले ८ लाख असे जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून आधी कर्जाचं मंजुरीपत्र, मग बोली.

‘जसे आहे, जेथे आहे’ या शब्दांनी थकबाक्याही तुमच्या गळ्यात पडू शकतात. महापालिकेचा घरफाळा, पाणीपट्टी आणि सोसायटीचा देखभाल खर्च किती तुंबलाय, ते त्या त्या कार्यालयातून लिहून घ्या. वीजबिलही बघा. जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवीन जोडणी नाही, अशी अट वीज कंपनी नियमांनुसार घालू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलंय. प्रॉपर्टी कार्ड (मालकीचा सरकारी उतारा) आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) बघून वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल, करून घ्या. हा खर्च वाचवू नका.

आणि ते कुटुंब. मालकच राहतात की भाडेकरू, याची खात्री करा. गहाणखताआधीपासूनचा खरा भाडेकरू असेल तर त्याला कायद्याचं संरक्षण असतं. एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन तुम्ही स्वतः एकदा त्या दारात जा, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे मुलं शिकत असतील, कुणी आजारी असेल. जाण्यासाठी त्यांना मुदत हवी असेल, किंवा ते लढणार असतील. दोन्ही तुम्हाला आधी कळायला हवं.

कागद चोख निघाले, कर्ज मंजूर झालं आणि लिलाव त्यात हुकला, तर हुकू द्या. बोलीच आली नाही तर बँक तो पुन्हा काढते.

प्रश्न : गडहिंग्लजजवळचा प्लॉट पतसंस्था लिलावात विकतेय. तिथेही हेच नियम का?
— एक वाचक

उत्तर : नाही. सरफेसी सहकारी बँकांना लागू आहे. तसा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला, तोही आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली मिळणाऱ्या वसुली दाखल्यावर आणि विक्री त्याच कायद्याखालच्या नियमावलीतल्या नियम १०७ प्रमाणे होते. बोली सुटली की किमतीचे १५ टक्के जागेवर, बाकी विक्रीपासून १५ दिवसांत. विक्रीनंतरही ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदी रकमेच्या ५ टक्के जादा भरून कर्जदार लिलाव रद्द करून मागू शकतो. त्यामुळे विक्री कायम झाल्याचा आदेश हाती येईपर्यंत प्लॉटला कुंपण घालू नका.