एसआयपी थांबवून व्यायामाची सायकल घ्यावी का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र सविस्तर असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तुमचे वय 46, घर डोंबिवलीत, नोकरी मुंबईत आणि परत येईपर्यंत रात्रीचे साडेआठ. रक्ततपासणीत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) 6.1 टक्के आल्यावर डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितला आहे. त्यासाठी 24,000 रुपयांची, स्क्रीन असलेली जागेवरची सायकल बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ ईएमआयवर घ्यायची आणि तेवढा काळ म्युच्युअल फंडातील दरमहा 2,000 रुपयांची ठरावीक गुंतवणूक, म्हणजे एसआयपी, थांबवायची, असा तुमचा विचार आहे. यजमानांचे म्हणणे असे की चालायला पैसे लागत नाहीत, मग सायकल कशाला?

तुम्ही लगेच व्यायाम सुरू करावा, याविषयी माझ्या मनात जराही शंका नाही. 5.7 ते 6.4 या टप्प्यातील एचबीए1सी मधुमेहाच्या आधीची पायरी मानला जातो आणि इथून मागे फिरता येते. मधुमेह एकदा जडला की औषधे, तपासण्या आणि विम्याचा वाढीव हप्ता यांचा खर्च आयुष्यभर चालू राहतो. त्या खर्चापुढे 24,000 ही रक्कम मोठी नाही. माझी हरकत सायकलीला नाही, तिचे पैसे जिथून काढायचे तुम्ही ठरवले आहे त्याला आहे.

आधी ईएमआयचे पाहू. ‘नो कॉस्ट’ योजनेत व्याज नसते असे नाही. दुकानदार व्याजाइतकी सूट किमतीत आधी देतो आणि बँक ते व्याज हप्त्यांतून वसूल करते. क्रेडिट कार्डावरील या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्याच खात्यातून जातो. व्याजदर 16 टक्के धरला, तर 24,000 मध्ये व्याजाचा भाग साधारण 1,950 रुपये येतो, त्यावरचा कर सुमारे 350 रुपये आणि शिवाय प्रक्रिया शुल्क. म्हणजे पाच-सहाशे रुपये जास्तीचे जातात. रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूट जाते ती वेगळीच. रक्कम लहान आहे, पण एखादा हप्ता चुकला तर कार्डाचे व्याज वर्षाला 36 ते 42 टक्क्यांच्या घरात जाते, हे ध्यानात असू द्या.

खरा तोटा एसआयपी थांबवण्यात आहे. निवृत्तीला चौदा वर्षे आहेत. या वर्षीचे 24,000 रुपये गुंतवले गेले आणि सरासरी 10 टक्के परतावा मिळाला असे धरले (याची हमी नसते, हे हिशेबापुरते गृहीत आहे), तर निवृत्तीच्या वेळी त्यांचे 85 ते 90 हजार होतात. शिवाय वर्षभर थांबलेली एसआयपी पुन्हा सुरू करताना दुसरा एखादा खर्च आडवा येतोच, असा माझ्या व्यवसायातील अनुभव आहे.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे वळते. चालणे अगदीच फुकट नसते. बरे बूट 500 ते 800 किलोमीटर चालतात आणि मग त्यांचा तळ बसतो. चपलेवर रोज भरभर चालून टाचा दुखवून घेऊ नका. पण तुमच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट आहे. तुम्ही रोज सकाळी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाला 20 रुपये देता आणि तेच अंतर पायी वीस मिनिटांचे आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. आठवड्याचे सहा दिवस सकाळी चालत गेलात तर 120 मिनिटे होतात. रविवारी आणखी अर्धा तास चाललात की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान 150 मिनिटे भरतात. चाल मात्र अशी हवी की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. महिन्याचे 500 रुपये वाचतात, म्हणजे वर्षाचे 6,000. त्यातून 2,500 रुपयांचे बूट वजा केले, तरी 3,500 रुपये हातात राहतात. रात्रीच्या परतीसाठी रिक्षाच ठेवा. अंधार, फुटपाथाचा अभाव आणि भटकी कुत्री यांविषयी तुम्ही लिहिले आहे, ती अडचण खरी आहे.

सायकलीची बाजूही भक्कम आहे. बसून पॅडल मारताना शरीराचा भार गुडघ्यांवर येत नाही. पाऊस असो वा रात्रीचे नऊ, घरातच व्यायाम होतो आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे हलकी सायकल मारल्यास साखरेलाही उपयोग होतो. (चालण्यात हाडांवर भार येतो आणि या वयात बाईला तो हवा असतो, म्हणून सायकल असली तरी चालणे सोडू नये.) ती आठवड्यातून पाच दिवस, पाच वर्षे वापरली तर एका वेळचा खर्च 19 रुपयांच्या आसपास पडतो. चार महिन्यांत 80 वेळा वापरून ती अर्ध्या किमतीला विकावी लागली, तर तोच खर्च दीडशेच्या वर जातो. आपण कोणत्या बाजूला राहणार आहोत, हे व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला आधी सांगता येत नाही. म्हणून आज सायकलीत 24,000 रुपये घालणे मला घाईचे वाटते.

माझा सल्ला असा, की मार्चपासून पायी स्टेशन गाठा आणि एसआयपीला हात लावू नका. एप्रिलपासून पगारात वाढणारे 2,400 रुपये आणि रिक्षाचे वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात टाका. बुटांचा खर्च जाऊन जूनअखेर सुमारे 6,700 रुपये जमतील. तोपर्यंत चालण्यात खंड पडला नसेल, तर पावसाळ्यासाठी त्याच पैशांत वापरलेली, साधी व्यायामाची सायकल घ्या. डोंबिवलीतल्या सोसायट्यांमध्ये अशा सायकली विकायला निघतात. स्क्रीन आणि दरमहा वर्गणीचे ॲप यांची तुम्हाला गरज नाही. आयकरात अशा खरेदीला सवलत मिळत नाही, तेव्हा विक्रेत्याने तसे सांगितले तर विश्वास ठेवू नका.

एक अपवाद आहे. जिना उतरताना गुडघा दुखतो असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. बूट घेण्याआधी तो अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी चालणे कमी करायला सांगितले, तर सायकल आत्ताच घ्या, पण वापरलेली आणि बचत खात्यातून, आणि काढलेली रक्कम पगारवाढीतून चार महिन्यांत परत भरा. घेण्यापूर्वी दहा मिनिटे स्वतः चालवून पाहा. चुंबकीय रोधाची, म्हणजे चुंबकाने पॅडल जड करणारी असेल तर ती जवळजवळ आवाज करत नाही. बटण फिरवल्यावर पॅडल जड होते का, सीटच्या दांड्याची पिन घट्ट बसते का आणि पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर येते का, एवढे तपासूनच पैसे द्या.