ज्यांचे नाव घ्यायचे नाही

प्रश्न : आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर घुशीचे नाव उच्चारायचे नाही असा संकेत आहे, असे तेथे जाऊन आलेल्या एका नातेवाइकांकडून ऐकले. यात तथ्य किती? आणि तेथील लोक भुताखेतांना मानतात काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तथ्य पुरेपूर आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातील या ५७२ चौरस किलोमीटरच्या बेटावर घुशीला आजही ‘लाँगटेल’, म्हणजे लांबशेपटी, असेच म्हणतात, आणि परक्या माणसाने तिचे सरळ नाव घेतले तर समोरचा माणूस अशुभ टळावे म्हणून पटकन लाकडाला हात लावतो. या संकेताचे मूळ मासेमारीच्या होड्यांवर असल्याचे सांगतात. होडी एकदा समुद्रात लोटली की काही प्राण्यांची रोजची नावे किनाऱ्यावरच ठेवायची आणि त्यांच्या जागी आडवळणाची नावे वापरायची, असा तेथील कोळ्यांचा शिरस्ता होता; मांजराला ते ‘ओरबाडणारी’ म्हणत. आपण रत्नागिरीचे आहात, तेव्हा याचे फारसे नवल वाटू नये. दिवेलागणीनंतर सापाला साप न म्हणता ‘लांबडे’ किंवा ‘जनावर’ म्हणणारी माणसे आपल्या घरातही असतील. लांबशेपटी आणि लांबडे! ज्याची भीती वाटते त्याच्या नुसत्या लांबीवर बोट ठेवून थांबायचे, ही युक्ती दोन्हीकडे अगदी सारखीच आहे.

माझ्या मते या बेटावरच्या लोकसमजुतींचे वर्म येथेच आहे. त्यांच्या मुळाशी श्रद्धेपेक्षाही जिभेवरचा ताबा अधिक आहे. परीसारख्या अदृश्य लोकांना बेटाच्या जुन्या मँक्स भाषेत ‘मुंजर वेगा’, म्हणजे लहानगी मंडळी, असे नाव आहे (आपल्या मुंज्याशी त्याचा काहीही संबंध नाही). पण जुन्या माणसांना तेही नाव नको असे. ती नुसते ‘ते स्वतः’ एवढेच म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते कळे. आपल्याकडच्या बायका नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ एवढ्या एका सर्वनामावर जन्मभर निभावून नेत, त्यातलाच हा प्रकार. मँक्स ही जन्मभाषा असलेला शेवटचा माणूस १९७४ मध्ये वारला. पुढे तिचे पुनरुज्जीवन झाले खरे. पण मधल्या काळात भाषा बदलली तरी संकेत तसेच राहिले आणि मुकाट्याने इंग्रजीत येऊन बसले.

आपण भुतांविषयीही विचारले आहे. त्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पील गावच्या किल्ल्यातील ‘मॉडी डू’, अर्थात काळा कुत्रा. जॉर्ज वॉल्ड्रन या इंग्रजाने लिहिलेली त्याची हकिकत १७३१ मध्ये छापली गेली. तीत म्हटले आहे की, दिवेलागण झाली की हा झुपकेदार केसांचा कुत्रा पहारेकऱ्यांच्या खोलीत येऊन शेकोटीपुढे पडून राही आणि उजाडता उजाडता निघून जाई. शिपायांना त्याची सवय झाली, तरी तो समोर असेपर्यंत एकही शिपाई शिवी हासडत नसे किंवा अभद्र बोलत नसे. किल्ल्याच्या किल्ल्या नायकाकडे पोचवायला अंधाऱ्या वाटेने जावे लागे आणि तेथे कोणी एकटा जात नसे. एका रात्री दारूच्या तारेत एकजण बढाया मारीत एकटाच गेला. थोड्या वेळाने मोठा गलका झाला आणि तो परत आला तेव्हा त्याची वाचा गेली होती. तीन दिवसांनी तो मेला. काय पाहिले ते त्याला शेवटपर्यंत सांगता आले नाही.

सगळेच काही असे भयंकर नाही. ‘फिनोडरी’ हा अंगभर केस असलेला, अचाट ताकदीचा जीव शेतकऱ्यांची कामे रातोरात उरकून देतो. एकदा त्याने डोंगरावरची मेंढरे गोठ्यात आणून कोंडली आणि तक्रार केली की, बाकीच्यांपेक्षा त्या एका लहानग्या तपकिरी मेंढीनेच मला जास्त पळवले. सकाळी शेतकरी पाहतो तो मेंढरांत एक ससा बसलेला! मात्र फिनोडरीला कपडे भेट दिले की तो रुसतो. एका गृहस्थाने कृतज्ञतेने त्याच्यासाठी कपडे ठेवले, तेव्हा टोपी म्हणजे डोक्याला ताप, अंगरखा म्हणजे पाठीला ताप, असे एकेक वस्त्र उचलून म्हणत तो रडत निघून गेला. १८१९ च्या मँक्स बायबलमध्ये यशयाच्या पुस्तकातील रानटी, केसाळ प्राण्यासाठी याच फिनोडरीचे नाव योजले आहे, इतका तो घरचा होता.

प्रश्न : त्याच बेटावर मोटारसायकलींच्या शर्यतीत भाग घेणारे स्वार एका पुलाला नमस्कार करतात म्हणे. तो पूल शर्यतीच्या मार्गावर आहे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. १९०७ पासून चालत आलेल्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीचा आजचा मार्ग सुमारे ६० किलोमीटरचा आहे आणि आपण म्हणता तो पूल, म्हणजे ‘परींचा पूल’, त्याच्या बाहेर, राजधानी डग्लस ते कॅसलटाऊन रस्त्यावर आहे. विमानतळ कॅसलटाऊनजवळ असल्यामुळे विमानाने उतरून डग्लसला निघालेले बहुतेकजण त्यावरून जातात, आणि जाताना ‘त्यांना’ नमस्कार न करणे अशुभ मानतात. शर्यतीपूर्वी अनेक स्वार मुद्दाम तेथे जाऊन येतात. पुलाशेजारच्या झाडांवर लोकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या लटकत असतात. गंमत अशी की खरा, जुना परींचा पूल हा नव्हेच, तो डग्लसजवळ केवेगच्या बाजूला आडवाटेवर आहे, असे सांगणारे स्थानिक लोक आहेत; आणि तेही हमरस्त्यावरून गाडी नेताना या पुलाला नमस्कार करूनच पुढे जातात.