घरात लॅब्राडॉर असताना बॅसेंजी आणायची आहे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. आमच्याकडे सात वर्षांची, नसबंदी झालेली लॅब्राडॉर मादी आहे. ती स्वभावाने शांत आहे, मात्र जेवत असताना दुसरे कुत्रे जवळ आले की गुरगुरते. एका रेस्क्यू संस्थेकडील चार वर्षांची बॅसेंजी मादी दत्तक घेण्यासाठी आम्ही अर्ज केला आहे. ही जात भुंकत नाही आणि तिच्या अंगाला वास येत नाही, म्हणून ती आम्हाला आवडली. घरात बारा वर्षांचा मुलगा आहे, आम्ही दोघेही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातो आणि मागील अंगणाला चार फुटी जाळीचे कुंपण आहे. दोघींची ओळख कशी करून द्यावी आणि आधी काय तयारी करावी?

उत्तर : आपले पत्र वाचताना माझे लक्ष सर्वांत आधी एका गोष्टीकडे गेले, ती म्हणजे दोन्ही कुत्र्या मादी आहेत. बॅसेंजीचे आपल्याच लिंगाच्या कुत्र्याशी पटत नाही, असा अनुभव ही जात पाळणाऱ्यांना वारंवार येतो आणि नसबंदीमुळे तो धोका पूर्णपणे टळत नाही. शिवाय ही भांडणे पहिल्या आठवड्यातच होतील असे नसते. नवी कुत्री घरात रुळली, तिला आपली जागा आपली वाटू लागली की काही महिन्यांनी ती सुरू होऊ शकतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, संस्थेकडे स्वभावाने योग्य असा नर असेल, तर आधी त्याचा विचार करावा. याच मादीवर आपला जीव जडला असेल, तर सध्या तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाशी सविस्तर बोला. ‘इतर कुत्र्यांशी चांगली वागते’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नका, कारण बागेत खेळीमेळीने वागणारे कुत्रे स्वयंपाकघरात तसेच वागेल याची खात्री नसते. ती दुसऱ्या मादीबरोबर एका घरात राहिली आहे का, सोफ्यावर बसली असताना दुसरे कुत्रे आले तर काय करते, किती तास एकटी राहू शकते आणि आधीच्या घराने तिला का सोडले, हे नेमके विचारा.

आपल्या अपेक्षांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. बॅसेंजी ही मध्य आफ्रिकेतील काँगोच्या जंगलातली शिकारी जात आहे. ती सहसा भुंकत नाही हे खरे (तिकडचे शिकारी म्हणूनच तिच्या गळ्यात घंटा बांधत), पण ती मुकी नाही. आनंदात ती गाण्यासारखा हेल काढते आणि एकटे ठेवल्यावर काही बॅसेंजी अशा किंचाळतात की शेजारी दार ठोठावतात. मांजरासारखे स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवण्याची तिची सवय मात्र तुम्ही ऐकली तशीच आहे. चार फुटी जाळी तिच्या दृष्टीने शिडीच ठरेल. भक्कम, सहा फुटी लाकडी कुंपण होईपर्यंत अंगणातसुद्धा तिला दोरीवरच ठेवा. खार दिसली की ही जात हाकेला ओ देत नाही, त्यामुळे मोकळ्या मैदानात दोर सोडण्याचा मोह कायमचा टाळावा. तिचे डोके अरुंद असल्याने साधा पट्टा मागे ओढताच निसटतो. ताणल्यावर बेताने आवळला जाणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा.

पहिली भेट आपल्या घरात किंवा अंगणात अजिबात नको. दोघींनाही अनोळखी असलेल्या एखाद्या रुंद रस्त्यावर दोन माणसांनी एकेकीला घेऊन, मध्ये बरेच अंतर राखून, एकाच दिशेने चालावे. समोरासमोर आणू नये आणि दोर ताणू नये, कारण ताणलेली दोर कुत्र्याला संकटाची सूचना देते. त्या जमीन हुंगू लागल्या, अंग सैल झाले, तर अंतर थोडे थोडे कमी करावे आणि एकमेकींना क्षणभर हुंगू देऊन पुढे चालू लागावे. मान ताठ, नजर रोखलेली, तोंड मिटलेले आणि शरीर जागीच गोठलेले दिसले, तर काही न बोलता वळून दूर जावे. गुरगुरण्यावर रागावू नये. ती सूचना दाबली गेली, तर पुढच्या वेळी कुत्रे सूचना न देता थेट चावते.

घरी आल्यावर पहिले काही दिवस तिला वेगळी खोली द्यावी. बॅसेंजी बुटके फाटक सहज ओलांडते, त्यामुळे बंद दार किंवा उंच फाटकच हवे. लॅब्राडॉर जेवणाची राखण करते हे आपल्याला माहीत आहेच, तेव्हा दोघींचे जेवण कायमचे वेगळ्या खोल्यांत, दार लावून द्यावे, आणि हाडे व आवडती खेळणी एकत्र असताना उचलून ठेवावीत. दोघींच्या वजनातला फरकही ध्यानात असू द्या : बॅसेंजी साधारण दहा किलोची, लॅब्राडॉर तिच्या अडीच-तीन पट, त्यामुळे खेळात लागलेला धक्कासुद्धा भांडणाला निमित्त होतो. पहिले काही महिने कुणीही मोठे माणूस घरात नसताना त्यांना एकत्र सोडू नये आणि त्यांची जबाबदारी मुलावर टाकू नये. ऑफिसच्या दिवसांची तयारी म्हणून काही मिनिटांच्या एकटेपणापासून सुरुवात करावी आणि पहिला आठवडा तरी एकाने रजा घ्यावी. पिंजऱ्यात कोंडल्यावर ती घाबरते का, हेही सांभाळणाऱ्यांना विचारून घ्या, कारण घाबरलेली बॅसेंजी सळया चावून दात मोडून घेते.

आरोग्याच्या बाबतीत फॅन्कोनी या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक विकाराची विचारणा अवश्य करा. तो बहुधा मध्यम वयात प्रकटतो, म्हणजे चार वर्षांच्या मादीच्या बाबतीत हा प्रश्न आजचाच आहे. खूप तहान आणि वारंवार लघवी ही त्याची लक्षणे मधुमेहासारखी वाटतात, पण यात साखर लघवीत दिसते आणि रक्तातली साखर नेहमीइतकीच असते. हा फरक न ओळखता इन्सुलिन दिले गेले, तर ते घातक ठरते. वेळेवर निदान होऊन बायकार्बोनेट वगैरे उपचार मिळाले, तर कुत्रे पुढे बरीच वर्षे चांगले जगू शकते. त्याची डीएनए चाचणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते. संस्थेकडे अहवाल नसेल, तर ती करून घ्यावी. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साखर तपासण्याच्या पट्टीने महिन्यातून एकदा लघवी तपासावी, आणि पहिली पट्टी ती घरी आल्याच्या आठवड्यातच वापरावी, म्हणजे पुढे तुलना करायला नोंद हाती राहील.